ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, तरी छातीत धडधड: अँग्झायटी आहे हे ओळखायचं कसं?

कोपरीकर_ताई
नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय ३४, घर ठाणे पूर्वेला, नोकरी ऐरोलीत. तीन महिन्यांत चार वेळा एकाएकी छातीत धडधड, दरदरून घाम, बोटांना मुंग्या, हवा पुरत नाही आणि "मी आता जातो" असं वाटणं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं. ईसीजी, टूडी इको, ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) सगळं नॉर्मल. रिपोर्टवर बोट ठेवून "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगितलं गेलं. आई म्हणते गॅस, वहिनी म्हणते बीपी. तो दिवसभर मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत बसतो. हे खरंच अँग्झायटीचं आहे का, आणखी काही तपासायचं राहिलंय का, आणि दाखवायचं कुणाला? जाणकारांनी सांगावं.

बेलापूर_ओपीडी
ताई, तुम्ही लिहिलंय ते वर्णन पॅनिक अटॅकचं आहे. अशा अटॅकची लक्षणं मोजली तर तेरा भरतात: धडधड, घाम, कापरं, धाप, घसा आवळणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात थंडी किंवा गरम वाफा, मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, ताबा सुटेल ही भीती आणि मरणाची भीती. त्यातली चार एकदम उसळली आणि काही मिनिटांत कळसाला पोचली, की तो पॅनिक अटॅक. "मी आता जातो" हे वाटणंही यादीतलंच लक्षण आहे. घरचे नेमकं तेच ऐकून हबकतात.

मुंग्यांचं कोडं आधी सोडवतो, कारण हातापायाला मुंग्या आल्या की लोक थेट लकव्यापर्यंत पोचतात. घाबरल्यावर श्वास भराभर होतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. जास्त वेळ चाललं तर बोटं आखडून चोचीसारखी जुळतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं. गंमत म्हणजे "हवा पुरत नाही" म्हणणाऱ्या त्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, ९८-९९ दाखवेल. तिथे ९२-९३ दिसलं तर मात्र मामला वेगळा, फुप्फुसं किंवा हृदय बघावं लागेल.

आता राहिलेल्या तपासण्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केला नसेल तर आधी तो करा. थायरॉइड जास्त चालत असेल तर धडधड, घाम, कापरं, झोप उडणं, चिडचिड हे सगळं हुबेहूब असंच दिसतं. सोबत वजन उतरत असेल आणि भूक मात्र चांगली असेल तर शंका अजून वाढते. मग हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर झटक्याच्या वेळी ग्लुकोमीटरने मोजा. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली आहे. दम्याचा सालब्युटामॉल पंप, सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस यांनीही ठोके वाढतात. कॉफी आणि एनर्जी ड्रिंक विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारा. रात्री दारू घेतली की पहाटे तीन-चारला धडधडून जाग येते, तेही.

एक बारकावा. घाबरल्यामुळे वाढलेले ठोके चढतात हळूहळू आणि उतरतातही हळूहळू. एसव्हीटी नावाच्या हृदयाच्या लयीच्या दोषात ठोके बटण दाबल्यासारखे एकदम १५० ते २२० वर जातात आणि तसेच एकदम थांबतात. दोन झटक्यांच्या मधल्या ईसीजीत ते सापडत नाही. भाऊ "खटकन सुरू झालं, खटकन बंद झालं" असं म्हणत असेल तर होल्टर (दिवसभर अंगावर ठेवून ठोके नोंदवणारं यंत्र) लावून घ्या किंवा झटका चालू असतानाच ईसीजी काढून घ्या.

आणि हे घरातल्या सगळ्यांसाठी: छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, जिना चढताना येणं आणि थांबल्यावर कमी होणं, शुद्ध हरपणं, यापैकी काही असेल तर "त्याला अँग्झायटीच आहे" म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक नाही असं होत नाही, म्हणून ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात. मधुमेही आणि बायकांमध्ये दुखणं कमी आणि नुसतं गळून जाणं जास्त असू शकतं. एकदा अँग्झायटीचा शिक्का बसलेल्या माणसालाही पुढे हृदयविकार होऊ शकतोच.

घणसोली_सेक्टर९
झटका आला की कागदी पिशवी तोंडाला लावून श्वास घ्यायला सांगा. कार्बन डायऑक्साइड परत जातो, पाच मिनिटांत बरं वाटतं.

बेलापूर_ओपीडी
नको. हा जुना उपाय आता करू नये. समोरच्याला खरंच दमा किंवा हार्ट अटॅक असेल तर पिशवीमुळे ऑक्सिजन कमी होऊन जिवावर बेतू शकतं, आणि घरात बसून ते ओळखता येत नाही. त्याऐवजी आधी श्वास सोडायला सांगा. नाकाने चार आकडे आत, ओठ मिटल्यासारखे करून सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. "दीर्घ श्वास घे" असं म्हटलं की माणूस छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतो आणि मुंग्या वाढवून बसतो, इथेच चुकतं.

माजिवडा_समुपदेशक
वरचं वैद्यकीय उत्तर नेमकं आहे. माझा मुद्दा वेगळा: लक्षणं मोजत बसण्यापेक्षा भावाने काय काय सोडलंय ते मोजा. पॅनिक अटॅक एखाद्या वेळी कुणालाही येऊ शकतो. त्याला आजार म्हणायचं केव्हा? असे झटके पुन्हापुन्हा, काही निमित्त नसताना येतात आणि निदान महिनाभर माणूस पुढच्या झटक्याच्या धास्तीत राहतो, किंवा त्या धास्तीपायी वागणं बदलतो, तेव्हा.

बदललेलं वागणं घरच्यांच्या नजरेतून सुटतं, कारण ते शहाणपणासारखं दिसतं. लोकल सोडून कॅब सुरू झाली का? डब्यात शिरल्यावर आतली मोकळी सीट सोडून दरवाजाजवळच उभा राहतो का? पाण्याची बाटली विसरली तर अर्ध्या वाटेतून परततो का? पाकिटात एक गोळीची स्ट्रिप असते, कधी खाल्लेली नसते, कडा चुरगळून तारीख उलटून गेलेली, पण ती नसेल तर घराबाहेर पाऊल टाकत नाही? व्यायाम बंद केला का, ठोके वाढतात म्हणून? घड्याळात ठोके बघणं याच जातीचं. आकडा ८८ दिसला की काळजी, काळजीने १०५, मग खात्री पटते की काहीतरी बिघडलंय. विश्रांतीत ६० ते १०० ठोके सामान्यच आहेत, आणि जिना चढून ११० झाले म्हणजे हृदय आपलं काम करतंय. घड्याळ ठेवू दे, पण ठोक्यांची सूचना आणि सततची मोजणी बंद करा.

दुसरा प्रकार झटक्यांविना येतो. सहा महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, कशा ना कशाची काळजी: हप्ता, मुलाची ॲडमिशन, आईचं बीपी, एक सुटली की दुसरी. सोबत अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, मान-खांदे आखडणं, झोप बिघडणं यांतली तीन तरी. हे लोक मानसोपचाराकडे येत नाहीत. मानदुखी घेऊन ऑर्थोपेडिककडे आणि ॲसिडिटी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जातात. आपल्याकडे मनाची तक्रार शरीराच्या भाषेतच सांगतात: पोटात गोळा येतो, जीव खालीवर होतो, घशाशी काहीतरी अडकतं, हातपाय गार पडतात. तेच शब्द, कधी आणि कुठे होतं यासकट, कागदावर उतरवून डॉक्टरांना द्या. "टेन्शन आहे" या दोन शब्दांतून डॉक्टरांना काही कळत नाही.

घरच्या घरी मोजायचं तर जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना दाखवावं. पण ध्यानात घ्या, तिच्यात धडधडीचा एकही प्रश्न नाही. पॅनिकवाल्या माणसाला ६ गुण पडले म्हणून "काही नाही" असा निष्कर्ष काढू नका.

उपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, आठवड्याला एकदा पाऊण ते एक तास, साधारण बारा-पंधरा सत्रं. त्यातला कणा म्हणजे टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत जाणं. तुमच्या भावाच्या बाबतीत शिडी अशी मांडता येईल. दुपारी गर्दी नसताना ठाणे स्टेशनवर वीस मिनिटं उभं राहायचं, गाडीत चढायचं नाही. मग दुपारची ट्रान्स-हार्बर लोकल, ऐरोलीपर्यंत, तुम्ही त्याच गाडीत पण लेडीज डब्यात. मग तेच एकट्याने. मग वाशीपर्यंत. मग वाशी-मानखुर्द, कारण तिथे खाडीपुलावर बराच वेळ स्टेशन येत नाही आणि उतरायची सोय नसते. सकाळी साडेआठची गर्दी सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये भीती लिहायची, सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून, आठवड्यातून तीन-चारदा.

बिघडतं कुठे? भीती चढत असताना माणूस ऐरोलीच्या आधीच, दिघा गाव स्टेशनला उतरतो, दोन मिनिटांत बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. उतरलाच तर घरी परतू नये, पुढची गाडी पकडावी. दुसरी चूक, कानात फोन लावून कुणाशी तरी बोलत प्रवास पार पाडणं. तो प्रवास हिशेबात धरत नाहीत.

नेरुळ_फार्मसी
गोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण काउंटरवर रोज तेच गैरसमज ऐकू येतात.

एसिटालोप्राम, सरट्रालिन या अँग्झायटीवर रोज घ्यायच्या गोळ्या झोपेच्या नाहीत आणि त्यांची सवयही लागत नाही. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा-आठ. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मळमळ आणि उलट थोडी जास्तच बेचैनी होऊ शकते. नेमकं तेव्हाच लोक "गोळीने वाढलं" म्हणून बंद करतात. म्हणून डॉक्टर सुरुवातीला कमी डोस देतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायच्या आणि हळूहळू उतरवायच्या. एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वेगळ्या जातीच्या. अर्ध्या-एक तासात आराम, म्हणूनच सवय लागते. दोन-चार आठवड्यांपलीकडे रोज घेणं टाळतात. या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येतात, रजिस्टरला नोंद होते. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून "दोनच द्या" म्हणू नका. दारूसोबत कधीच नाही. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते.

प्रोप्रॅनोलॉल ही ठोके कमी करणारी गोळी धडधडीला चांगली, पण दमा असलेल्याला चालत नाही. आईची गोळी मुलाला देण्याआधी हे आठवा.

कोपरीकर_ताई
सगळ्यांचे आभार. टीएसएच राहिलाच आहे, उद्या करतो. लोकलचं तर अगदी तंतोतंत आहे, जूनपासून कॅबच चालू आहे, आम्हाला वाटलं पावसामुळे. पण "सायकियाट्रिस्ट" म्हटलं की तो चिडतो: "मला ठाण्याला भरती करणार का?" राहतो ठाण्यातच! आणि झटका आला की आम्ही घरच्यांनी काय बोलायचं?

माजिवडा_समुपदेशक
ती थट्टा ठाणेकरांना जन्मापासून चिकटलेली आहे. १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे आहे ना. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. केसपेपर काढून तपासून घरी परत येतात, भरती व्हावं लागत नाही. सायकियाट्रिस्ट नकोच असेल तर सुरुवात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपासून करा. ते गोळ्या देत नाहीत, मात्र त्यांची आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी असायला हवी, नंबर विचारायला संकोच करू नका. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून याच कामात आहे. फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: फुकट, चोवीस तास, मराठीतून. जीव नकोसा झाल्याचं तो कधी बोलला तर मात्र त्याच्या होकाराची वाट न बघता हाच नंबर लावा.

इन्शुरन्सचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण नुसत्या ओपीडी फीचे पैसे बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत, आपली पॉलिसी वाचा.

घरच्यांनी बोलायचं ते असं: "हा तोच झटका आहे, मागच्या वेळी वीस मिनिटांत गेला होता, मी इथेच बसलेय." एकदाच, हळू आवाजात. मग त्याच्यासोबत सहा आकडे मोजत श्वास सोडा. "काही होणार नाही" दहा वेळा म्हटलंत तर अकराव्या वेळी तो पुन्हा विचारेल. पाठ चोळणं, पंख्याचा वेग वाढवणं, शेजारच्या काकूंना हाक मारणं, हे सगळं राहू दे. ओसरल्यावर जे काम चालू होतं तेच पुढे न्या. जेवत होता तर ताट उचलू नका.

बेलापूर_ओपीडी
टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. फक्त बायोटिन असलेल्या केसांच्या-नखांच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी बंद करा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. साखर उपाशीपोटी द्यायची असेल तर दोन्ही सकाळी एकदमच द्या. रिपोर्ट इथे टाकू नका, डॉक्टरांनाच दाखवा.