मदत हवी आहे: कैदेतलं प्रेम पटेल असं कसं लिहू?

भुसावळच्या पार्श्वभूमीवर लघुकादंबरी लिहितेय. रेल्वेच्या ओसाड क्वार्टरमध्ये वेताळाने नायिकेला (वय २८) कोंडलंय. हळूहळू दोघं गुंततात. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे प्रेम नाही, स्टॉकहोम सिंड्रोम आहे." म्हणजे ओलिसाला कोंडणाऱ्याबद्दलच ओढ वाटणं; १९७३च्या स्टॉकहोममधल्या बँक दरोड्यावरून आलेला शब्द. खरंय तिचं.

वेताळाला हळवा भूतकाळ देऊन पाहिला, फारच फिल्मी झाला. दोघांना एकाच शापात बांधलं, तर भीतीच गेली. कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) रोटांच्या रविवारी तो स्वतः दार उघडतो, हे बदलणार नाही. शेवटही गोड नकोय. अहिराणी संवाद जमतायत, तिथे अडचण नाही.

तर तिने प्रेम कबूल कधी करावं: दार उघडण्याआधी, की सुटून तापी ओलांडल्यावर?