‘औदुंबर’मधले रंग आणि ‘फँड्री’तली काळी चिमणी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात कविता आणि सिनेमातल्या रंगांवर बोलायचंय, त्यासाठी मदत हवी आहे.

सुरुवात बालकवींच्या ‘औदुंबर’पासून करणार आहे. आठच ओळी, पण रंगांचा क्रम बघा: दोन्ही तटांवर हिरवळ, मधून निळासावळा झरा, मग पांढरी पायवाट आणि ती जाते काळ्या डोहाकडे. ‘उदास’ हा शब्द कुठेच नाही, तरी उजेड हळूहळू विझत जातो. शेवटी काळिमा येते तीही ‘गोड’! या एका विशेषणापाशी मी कायम अडते. तिथे भय आहे, शांती आहे, की दोन्ही? तुम्ही कसं वाचता?

दुसरं उदाहरण नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ हा सिनेमा (२०१३). त्यातला दलित घरातला शाळकरी मुलगा जब्या ज्या काळ्या चिमणीमागे फिरतो, तिची राख त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शालूवर टाकली की ती आपल्यावर प्रेम करेल अशी त्याची समजूत. मला तो काळा रंग जातीच्या डागाशी जोडलेला वाटतो, पण मैत्रीण म्हणते, ती चिमणी म्हणजे फक्त हाती न येणारं स्वप्न. तुमचं मत कारणासकट सांगा ना.

शिवाय रंगानेच अर्थ पालटतो अशी एखादी मराठी कथा सुचवाल का? कविता बऱ्याच मिळाल्या, कथाच अडल्यात.