२१० तासांच्या परवान्यावर आशियातील विमान कंपनीत नोकरी मिळते का? चार एकर विकण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे

प्रश्न: शेतकरी, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

सप्रेम नमस्कार. माझे नऊ एकर कोरडवाहू शेत आहे. कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन घेतो. धाकट्या मुलाने बारावी विज्ञाननंतर वैमानिकाचे प्रशिक्षण पूर्ण केले. त्यासाठी बँकेकडून ३५ लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले, राहते घर तारण दिले आणि उरलेली रक्कम त्याच्या आईच्या दागिन्यांतून व मोठ्या मुलाच्या पगारातून उभी केली. आज त्याच्याकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, दोन इंजिनांच्या विमानाचे रेटिंग (परवान्यावरील पात्रतेची नोंद) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता) आहे. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, २१० तासांचे उड्डाण आहे. परवाना हाती येऊन चौदा महिने झाले. या काळात त्याने दोन कंपन्यांच्या परीक्षा दिल्या, एकीत मुलाखतीपर्यंत पोहोचला, परंतु निवड झाली नाही.

आता नागपुरातील एका सल्लागाराने त्याच्यासमोर असा प्रस्ताव ठेवला आहे की, २८ लाख रुपये भरल्यास आग्नेय आशियातील एका विमान कंपनीत एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानाची पात्रता) आणि त्यानंतर प्रवासी विमानावर ५०० तासांचे उड्डाण मिळेल, व पुढे तेथेच सहवैमानिक म्हणून नोकरी लागेल. त्यांपैकी तीन लाख ‘फाइल चार्ज’ म्हणून या महिन्याअखेर द्यायचे आहेत. कंपनीचे नाव पैसे भरल्यावर सांगू, असे ते म्हणतात. माझ्याकडे विकण्यासारखे विहिरीजवळचे चार एकरच आहे आणि घेणारा तयार आहे.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा आम्ही दोघे मुद्दाम ते पाहायला गेलो होतो. कुंपणाबाहेर उभा राहून मुलगा त्या एटीआर विमानाचे सगळे मला समजावून सांगत होता. त्याच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती या व्यवहाराविषयी. परदेशात अशी नोकरी खरोखर असते का, आणि ती मिळवण्याचा रीतसर मार्ग कोणता, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर: निवृत्त कमांडर, हिंगणघाट

काकाजी, नमस्कार. मी एकतीस वर्षे विमान चालवले, त्यांपैकी अखेरची सात वर्षे आग्नेय आशियात कंत्राटी कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून. आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो: या व्यवहारासाठी विहिरीजवळचे शेत विकू नका, आणि तीन लाखही देऊ नका.

परदेशी वैमानिकाला कोणताही देश का बोलावतो, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. विमाने पैसे मोजून तीन-चार वर्षांत दुप्पट करता येतात, परंतु कमांडर तितक्या वेगाने तयार होत नाही. आपल्याकडे एटीपीएल, म्हणजे कमांडर होण्यासाठी लागणारा परवाना, १५०० तासांशिवाय मिळत नाही, आणि कंपन्या प्रत्यक्ष बढती देताना बहुधा त्याहून पुष्कळ अधिक अनुभव पाहतात. ही दरी भरून काढण्यासाठी बाहेरचे तयार कमांडर दोन-तीन वर्षांच्या करारावर आणले जातात. सहवैमानिकाच्या खुर्चीसाठी मात्र त्या देशातच आपल्या मुलासारखी शेकडो मुले परवाना घेऊन थांबलेली असतात, आणि त्यांना डावलून परक्याला कामाचा परवाना देणे तेथील सरकारला परवडत नाही. आपल्या देशातही हेच घडत आले आहे. भारतीय कंपन्यांनी परदेशी कमांडर आणले, डीजीसीएने त्यांना ठरावीक मुदतीची तात्पुरती अधिकृतता दिली. पण २०० तासांचा परदेशी मुलगा सहवैमानिक म्हणून बोलावल्याचे मी माझ्या कारकिर्दीत पाहिले नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे, ते विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा लागतो. म्हणजे भारताचा सीपीएल घेऊन कोणी सरळ परदेशी विमानात बसू शकत नाही. तेथील प्राधिकरण डीजीसीएकडे परवान्याची पडताळणी मागते, नंतर एकतर मुदतीपुरती मान्यता देते किंवा परीक्षा घेऊन स्वतःचा परवाना देते. हे सर्व कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या अर्जावर होते. ज्या प्रस्तावात कंपनीचे नावच पैसे भरल्यावर कळणार आहे, त्यात या कामाला सुरुवात तरी कोण करणार?

आपण ज्या पद्धतीचे वर्णन केले आहे, तिला आमच्या व्यवसायात ‘पैसे भरून उड्डाण’ म्हणतात आणि ती आशियात काही ठिकाणी खरोखर चालत आली आहे. तिच्यातील दोष नीट पाहा. कंपनीला सहवैमानिकाची खुर्ची भरायची असते. पगार देण्याऐवजी त्या खुर्चीसाठी ती पैसे घेते. ५०० तास संपले की पुढचा पैसे भरणारा मुलगा रांगेत उभाच असतो, त्यामुळे पहिल्याला नोकरीवर ठेवण्यात कंपनीचा काहीच फायदा नसतो. तास खरे असतील तर ते लॉगबुकात राहतात आणि त्यांना थोडी किंमतही असते, हे मी नाकारत नाही. परंतु ५०० तासांवर परदेशातील दुसरे दार उघडत नाही, आणि तोवर आपले शेत गेलेले असते.

अनुभवी माणसासाठीही ही नोकरी किती पातळ दोरीवर असते, हे मी स्वतः भोगले आहे. २०२० पूर्वीची काही वर्षे चीनमध्ये परदेशी कमांडरांना इतका पगार मिळत होता की माझे अनेक सहकारी घरदार सोडून तिकडे गेले. मी दुसऱ्या देशात होतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने जमिनीवरच थांबली, आणि माझ्या कंपनीने सर्वांत आधी करारावरील परदेशी लोकांना बिनपगारी रजेवर पाठवले. चार महिन्यांनी करार संपल्याचा दोन ओळींचा ईमेल आला. भाड्याचे घर, नातवासाठी घेतलेली सायकल, सगळे तिथेच टाकून परत यावे लागले. करारात समाप्तीची नोटीस एक महिन्याची होती आणि मी ते कलम सही करताना वाचले होते. पगाराच्या आकड्याकडे पाहून त्याला महत्त्व दिले नव्हते, एवढेच.

आता मुलाने काय करावे, ते सांगतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र यांची मुदत एका वर्षाची असते. परवाना मिळून चौदा महिने झाले असतील, तर त्यांतील काही संपले आहे का, हे आजच तपासावे. पुष्कळ मुले नेमकी इथे मागे पडतात, कारण कंपनीची जाहिरात येते तेव्हा सर्व कागद चालू असावे लागतात. दुसरे, सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घेण्याचा गंभीरपणे विचार करावा. गोंदियाजवळ बिरशी येथे आणि देशात इतरत्रही प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांना प्रशिक्षक लागतात. तेथे पगार बेताचा असतो, पण तास वाढतात, हात चालू राहतो आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचे विमानशास्त्र पक्के होते. मग एटीआर असो की एअरबस, भारतातच सहवैमानिक म्हणून लागावे. वर्षाला १००० तासांची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात ७०० ते ८०० होतात. म्हणजे चार-पाच वर्षांत ३००० तासांच्या आसपास पोहोचता येते. परदेशाचा प्रश्न तेव्हा विचारावा. त्या वेळी पैसे कंपनी देईल, आपल्याला द्यावे लागणार नाहीत.

उत्तर: सहवैमानिक, मूळ गाव मूर्तिजापूर तालुका (जि. अकोला)

काकाजी, कमांडरसाहेबांनी लिहिलेले शब्दशः खरे आहे. मी भारतात साडेपाच वर्षे उड्डाण केल्यावर आखाती देशातील एका कंपनीत सहवैमानिक झाले. आखातात अनुभवी सहवैमानिकांना जागा असतात, एवढी भर त्यांच्या उत्तरात घालते. अर्ज मी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून केला. चाचणीसाठी जाण्यायेण्याचे तिकीट आणि हॉटेल त्यांनीच दिले. कोणालाही एक रुपया दिला नाही.

निवडीत सर्वांत कठीण भाग सिम्युलेटरचा, म्हणजे जमिनीवरील आभासी विमानातील चाचणीचा होता. स्वयंचलित यंत्रणा बंद करून केवळ मूळ उपकरणांवर विमान धरायचे, उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडल्यावर सरळ रेषा सोडायची नाही, आणि हे करताना शेजारच्या वैमानिकाशी नीट बोलत राहायचे. रोज ऑटोपायलटवर उडणाऱ्याला हे जड जाते. मी त्याआधी स्वखर्चाने चार तास सराव केला होता आणि तो कामी आला.

कागदांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांचे नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. परवान्यावर लग्नाआधीचे आडनाव. हे तिन्ही एकाच व्यक्तीचे आहेत, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद आणि पुन्हा नवा पासपोर्ट असे करावे लागले. त्यानंतर प्रमाणपत्रांचे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास या क्रमाने साक्षांकन झाले. मुलाने सर्व कागदांवरील नावाचे अक्षरन् अक्षर आताच जुळवून घ्यावे, असे मी कळकळीने सांगते. तेथील डॉक्टर वैद्यकीय तपासणीही पहिल्यापासून करतात. आमच्या नात्यात सिकलसेलचे वाहक असल्याने मी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचा (सिकलसेल ओळखणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल आधीच काढून जवळ ठेवला होता.

आणि घाई करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार भारतीय कंपनी सोडताना सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला एका वर्षाची नोटीस द्यावी लागते. परदेशी कंपनी तितके थांबायला तयार आहे का, हे मी मुलाखतीतच विचारून घेतले होते.

उत्तर: कर सल्लागार, वर्धा

विमानाविषयी मला कळत नाही. पैशांविषयी दोन गोष्टी सांगतो. परदेशी नोकरीसाठी भारतीयांची भरती करणाऱ्याने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. तीन लाखांचा ‘फाइल चार्ज’ या चौकटीत बसत नाही. सल्लागाराकडे नोंदणी क्रमांक लेखी मागावा.

पुढे मुलगा नोकरीसाठी खरोखर परदेशी गेलाच, तर एप्रिल ते मार्च या वर्षात भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहतो का, याचा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांसह ठेवावा. अनिवासी दर्जा त्यावर ठरतो.

प्रश्नकर्ता: शेतकरी, दारव्हा तालुका

कॅप्टनसाहेब, ताई आणि वर्ध्याचे साहेब, आपण तिघांनी एवढा वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभारी आहे. काल मुलाने सल्लागाराला फोन करून नोंदणी क्रमांक आणि कंपनीच्या नावाचे पत्र मागितले. आधी इसार भरा, मग सर्व कागद मिळतील, असे उत्तर आले. आणि जागा दोनच उरल्या असून दुसरे पालक थांबले आहेत, असेही सांगण्यात आले. शेत घेणाऱ्याला मी आज सकाळी नाही म्हणून कळवले.

मुलाच्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत खरोखरच दोन महिन्यांपूर्वी संपली आहे. त्याने ते आम्हाला सांगितले नव्हते, कारण नूतनीकरणाचा खर्च पुन्हा मागायचा त्याला संकोच वाटत होता. तेवढी रक्कम तुरीच्या पैशांतून होईल. आता एकच विचारतो. कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत. अशा वेळी आधी रेटिंगचे नूतनीकरण करावे की थेट प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला बसवावे?

उत्तर: निवृत्त कमांडर, हिंगणघाट

आधी नूतनीकरण, काकाजी, कारण त्याशिवाय कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीला अर्ज करता येत नाही आणि जाहिरात केव्हा येईल हे कोणाच्या हाती नसते. वैद्यकीय प्रमाणपत्राचीही तारीख पाहून घ्या. प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला पैसे भरण्यापूर्वी मुलाने दोन-तीन संस्थांत स्वतः जाऊन, रेटिंग मिळाल्यावर त्याच संस्थेत काम देणार का, हे लेखी विचारावे. जी संस्था लेखी देईल तिथेच जावे. बँकेच्या शाखेत जाऊन, नोकरी लागलेली नाही असा अर्ज देऊन, हप्त्यांची मुदत वाढवून मागा. थकबाकी होण्यापूर्वी गेलात तर शाखाधिकारी ऐकून घेण्याची शक्यता अधिक असते.

मुलाला एखाद्या रविवारी लॉगबुक घेऊन हिंगणघाटला पाठवा. दोन मुलाखतींत त्याला काय विचारले आणि त्याने काय सांगितले, ते मला त्याच्याकडून ऐकायचे आहे.