‘रीट्राय’ला मराठीत काय म्हणावं? परत, पुन्हा, फेर, दुबार, खेप

प्रश्न

मी पुण्यात डेटा इंजिनिअर आहे. रात्रपाळीच्या सहकाऱ्यांसाठी कामाची टिपणं मराठीत लिहायला घेतली आहेत. दुकानांकडून आलेल्या विक्रीच्या फाइली रोज रात्री क्लाउडवर चढतात. एखादा जॉब, म्हणजे फाइल चढवण्याचं नेमलेलं काम, पडला तर यंत्रणाच तो पुन्हा चालवते. बोलताना आम्ही ‘जॉब फेल गेला, रीट्राय मारला’ म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. लिहिताना अडलं. मी लिहिलं होतं, ‘फाइल नीट चढली नाही तर ती परत पाठवली जाईल.’ रात्री ड्युटीवर असलेल्या मुलानं वाचलं ते असं, की फाइल ज्या दुकानाची त्या दुकानाकडे माघारी जाते. तो दुकानाच्या उत्तराची वाट पाहत राहिला, आणि इकडे यंत्रणेनं ठरलेल्या वेळा करून बघून जॉब सोडूनही दिला होता. चूक त्याची नाही, वाक्याची आहे. काय लिहावं?

प्रतिसाद १

‘पैसे परत दे’ आणि ‘परत एकदा सांग’ यांतला ‘परत’ एक नाही. एकात माघारी, दुसऱ्यात पुन्हा. एरवी प्रसंगावरून कळतं. पण पाठवणे, आणणे, येणे, घेणे अशा ये-जा दाखवणाऱ्या क्रियापदांशेजारी दोन्ही अर्थ सारखेच बसतात, आणि तुमचं सगळं कामच या क्रियापदांचं. म्हणून ‘पुन्हा पाठवली जाईल’ लिहा.

नाम हवं असेल तर ‘फेरप्रयत्न’. फेरमतदान, फेरपरीक्षा, फेरनिविदा हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. त्यांतला ‘फेर’ सांगतो, की आधीचं धरायचं नाही, तेच काम नव्यानं करायचं. ‘पुनर्प्रयत्न’ मात्र टाळा. पुनर्वसन, पुनरागमन ठीक, कारण पुढे मृदू वर्ण किंवा स्वर आहे. ‘प’पुढे विसर्ग टिकतो, म्हणून शुद्ध रूप ‘पुनःप्रयत्न’. ते बरोबर आहे, पण रात्री दोन वाजता वाचायला जड आहे.

प्रतिसाद २

आमच्या घरी शेती आहे, म्हणून मला पहिला शब्द सुचला ‘दुबार’. पाऊस आला म्हणून पेरलं, मग पावसानं ओढ दिली, बी करपलं, की दुबार पेरणी. पहिलं वाया गेलं म्हणून तेच पुन्हा. याहून नेमका रीट्राय कुठला?

प्रश्नकर्ती

दादा, शब्द फार आवडला, पण नेमका तोच मला दुसऱ्या गोष्टीसाठी लागतो. मतदार यादीत दुबार नाव म्हणजे पहिलंही आहे आणि दुसरंही आहे. आमच्याकडे हे नेहमी घडतं. फाइल क्लाउडवर व्यवस्थित पोहोचते, पण पोहोचल्याची पोच वाटेत हरवते. पाठवणाऱ्याला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि एकच बिल विक्रीत दोनदा मोजलं जातं. पेरणीत पहिलं बी मेलेलं असतं, इथे ते जिवंत असतं. म्हणून माझ्या टिपणात कृतीला ‘फेरप्रयत्न’ आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीला ‘दुबार नोंद’ असं ठेवते. उपायही मग मराठीत सोपा लिहिता येतो: प्रत्येक बिलाला कायमचा क्रमांक, आणि तो आधीच नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा नोंदायचा नाही.

प्रतिसाद ३

मोजणीकडेही लक्ष द्या, तिथे इंग्रजी शब्दच फसवतो. अ‍ॅमेझॉनच्या स्टेप फंक्शन्स या जॉब क्रमानं चालवणाऱ्या सेवेत ‘मॅक्स अटेम्प्ट्स’ (जास्तीत जास्त प्रयत्न) ३ असेल तर पहिला सोडून ३, म्हणजे जॉब एकूण ४ वेळा चालू शकतो. त्याच अ‍ॅमेझॉनच्या पायथन लायब्ररीत, बोटो३च्या स्टँडर्ड पद्धतीत, कॉन्फिग फाइलीत लिहिलेले ३ म्हणजे पहिला धरून ३. नाव तेच, हिशेब वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या डेटा फॅक्टरी या डेटा वाहून नेणाऱ्या सेवेत ‘रीट्राय’ न सांगता सोडलं तर ० असतं, म्हणजे जॉब पडला की पडला. मराठीत ‘एकूण खेपा’ आणि ‘फेरप्रयत्न’ असे दोन शब्द ठेवले तर हा गोंधळ उरतच नाही.

‘खेप’ मी मुद्दाम म्हणतोय. खेप म्हणजे ओझं घेऊन केलेली फेरी. विटांची खेप, पाण्याची खेप. आणि ‘दुसऱ्या खेपेला’ म्हणजे दुसऱ्या वेळेला. ओझं, फेरी आणि वेळ तिन्ही एका शब्दात आहेत. ‘खेप वाया गेली’ हे तर तयारच आहे. डेटा वाहून नेण्याच्या कामाला असा शब्द आपल्याकडे पडून आहे आणि आपण ‘अटेम्प्ट’ लिहितो, याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद १

खेप उत्तम! मी विसरलोच होतो.

प्रश्नकर्ती

मलाही पटला, वापरणार. आता दोन फेरप्रयत्नांमधल्या थांबण्याला काय म्हणू? १ सेकंद, मग २, मग ४, मग ८ असं अंतर वाढत जातं. संगणक तारेनं जोडणाऱ्या इथरनेटमध्ये १९७० च्या दशकापासून हीच युक्ती आहे: दोघांचे संदेश आदळले की दोघांनी थांबायचं, पुन्हा आदळले तर थांबण्याची मर्यादा दुप्पट, आणि १६ खेपा वाया गेल्या की सोडून द्यायचं.

प्रतिसाद २

‘दमाने’. आमच्याकडे बैल अडला की म्हणतात, दमानं घे. ‘दमादमाने फेरप्रयत्न’ लिहा. आणि सगळे जॉब एकाच क्षणी पुन्हा धडकू नयेत म्हणून वेळ थोडी इकडेतिकडे करतात ना, त्याला ‘वेळ मागेपुढे करणे’. आपण रोज म्हणतोच.

प्रतिसाद ३

दम धरूनही उपयोग नसतो तेही लिहा. सर्व्हरकडून ५०३ किंवा ४२९ हा त्रुटीचा आकडा आला तर पलीकडे गर्दी आहे, थोड्या वेळानं काम होईल. ४०३ म्हणजे परवानगीच नाही. तिथे शंभर खेपा केल्या तरी दार उघडणार नाही, माणसालाच उठवावं लागेल.

प्रश्नकर्ती

आज रात्रीपासून भिंतीवर हे लागतंय:

‘फाइल चढली नाही तर यंत्रणा ती स्वतःहून पुन्हा पाठवते. एकूण खेपा ४, म्हणजे फेरप्रयत्न ३, दमादमाने. चौथी खेप वाया गेली तर किंवा ४०३ दिसला तर वाट पाहू नका, मला फोन करा. हाताने पुन्हा चालवण्याआधी दुबार नोंद होत नाही ना, ते बिलाच्या क्रमांकावरून बघा.’

आधी ‘आपोआप’ लिहिलं होतं, ते खोडून ‘स्वतःहून’ केलं. आपोआप तर जखमही भरते. हे काम कुणीतरी ठरवून, आकडे घालून नेमून दिलेलं आहे.