हीटरचा होज पाइप घासून पातळ झालाय, जोड मारू का अख्खा बदलू?

निफाडचा_ट्रकवाला
नमस्कार मंडळी. गाडी सहा चाकी, बीएस-४, २०१८ चं मॉडेल, केबिन पुढं उचलणारी. कांदा घेऊन दिल्ली लुधियाना असं चालू असतं. महिनाभर कूलंटची टाकी खाली जातीय, ड्रायव्हर नुसतं पाणी ओततोय. काल केबिन उचलून बघितलं तर इंजिनकडून केबिनमधल्या हीटरला जे दोन होज जातात ना त्यातला वरचा गियर केबलच्या ब्रॅकेटवर घासून घासून बोटभर लांब पट्टा उडालाय, आतला दोरा दिसतोय आणि त्या दोऱ्यावर हिरवट पांढरी खपली धरलीय. गंमत म्हणजे गाडी गार असताना थेंब नाही, घाट चढून आली की ओलं. ड्रायव्हरने त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळली होती.
मेस्त्री म्हणतो हीटर कापून टाका, इंजिनवरच लूप मारून देतो म्हणजे पाणी केबिनकडं न नेता एका नळीतून दुसरीत वळवतो, आपल्याकडं हीटर कोणाला लागतो. दुसरा म्हणतो मध्ये जोड टाका, शंभर दोनशेत काम. पुढचा माल जानेवारीत लुधियानाचाच आहे. काय करू? आणि पाइप कोणता आणायचा, डिझेलचा काळा पाइप चालतो का?

गल्लीतला_फिटर
दोरा दिसला म्हणजे पाइप गेला, त्यात चर्चा नाही. या पाइपात आत रबर, मध्ये दोऱ्याची वीण आणि वर रबर असतं. दाब सगळा ती वीण धरते, वरचं रबर फक्त तिला सांभाळायला. आता वीणच तुटायला लागली की गरम झाल्यावर तिथं फुगा येतो आणि मग एक दिवस चढावर फट्. गार असताना गळत नाही कारण गार असताना दाबच नसतो.
जोड मारायचा का नाही ते बाकीच्या पाइपावर ठरतं. गाडी पूर्ण गार करा, दोन्ही टोकांना क्लिपपासून दोन बोटं अंतरावर पाइप अंगठ्याने दाबा. आत कुरकुर वाजलं, किंवा मध्ये टणक आणि टोकाला मऊ लागलं, तर तो आतून उभा चिरलाय, असे पाइप टोकाजवळच आधी जातात आणि बाहेरून चकचकीत दिसतात. २०१८ चा पाइप आहे म्हणता, मी तर दोन्ही बदलीन. एक नवा टाकला की महिन्याने दुसऱ्यासाठी परत कूलंट सांडायचं, मजुरी दोनदा. रबर अजून लवचिक असेल आणि खरंच घासलेलीच जागा खराब असेल तर तेवढा तुकडा कापून पितळी जोड टाका, दोन्ही बाजूला क्लिप, ते वर्षं काढतं. प्लॅस्टिकचा जोड इंजिनच्या डोक्यावर नको, उष्णतेने कडक होऊन तुटतो.
डिझेलचा पाइप नको. तो तेलासाठी असतो, गरम कूलंटमध्ये लवकर कडक होऊन तडकतो. कूलंटचा ईपीडीएम रबरचा होज येतो तोच मागा, त्याचं उलट आहे, त्याला डिझेल ऑइल लागलं की तो फुगून मऊ पडतो, म्हणून वरून कुठं ऑइल टपकतंय का ते पण बघा. माप तोंडी सांगू नका, बहुतेक १६ नाहीतर १९ मिलीमीटर आतलं माप असतं आणि दुकानदार अंदाजाने देतो, जुना तुकडा खिशात घेऊन जा. ढिला पाइप क्लिप आवळून बसवला की घडी पडते आणि घडीतून गळतं.
आणि काढताना जुना पाइप पिळून ओढू नका!! हीटरच्या नळ्या पातळ असतात, एक वाकली की अख्खा हीटर डॅशबोर्ड खोलून काढावा लागतो. ब्लेडने पाइपला उभी चीर द्या आणि केळ्यासारखा सोला.

बिजासन_घाट
वर दादांनी बरोबर सांगितलंय. मी रस्त्यावरचं सांगतो, कारण हे पाइप गॅरेजसमोर कधीच फुटत नाहीत, सेंधव्याच्या अलीकडं चढावरच फुटतात.
फुटला तर आधी टेम्परेचरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, मग काटा खाली येऊ शकतो आणि माणसाला वाटतं गाडी गार झाली. गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि झाकणाला हात लावायचा नाही, फडकं टाकून पण नाही. मी क्लीनरचा हात भाजलेला बघितलाय, कोपरापर्यंत. अर्धा पाऊण तास चहा प्या. मग फुटलेला पाइप काढून चांगल्या पाइपाचा तुकडा इंजिनवरच्या एका नळीवरून दुसरीवर वळवून लावा, तोच लूप. नुसते बूच मारू नका, काही इंजिनांत त्या वाटेने पाणी फिरावं लागतं. म्हणून टूलबॉक्समध्ये हातभर होज, चार क्लिपा आणि पाण्याचा कॅन कायम. ट्यूबची पट्टी धाब्यापर्यंत पोचायला ठीक, लुधियानापर्यंत नाही.

जुनं_ते_सोनं
एवढी चर्चा कशाला, लूप मारा आणि विसरा. आमच्या गाड्यांना नव्वद सालापासून हीटर नाही, काही अडलं नाही.

कॅलगरीचा_मराठी
@जुनं_ते_सोनं काका, तुमच्या गाड्या कोल्हापूर मुंबई करत असतील तर हरकत नाही. हे भाऊ जानेवारीत पंजाबला चाललेत. तिकडच्या धुक्यात केबिनमध्ये दोन माणसं, बाहेर गार काच, आतून वाफ धरते आणि फडक्याने पुसलं की अजून चट्टे. एसी नसेल तर काच कोरडी ठेवायला गरम हवाच लागते. एसी केबिन सक्तीचं झालं ते १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना, २०१८ च्या गाडीला तो आधार नाही. शिवाय घाटात काटा चढायला लागला की हीटर फुल सोडून इंजिनची थोडी उष्णता काढता येते, तो छोटा रेडिएटरच आहे, कापून कशाला टाकायचा.
मी इकडं ट्रकच चालवतो, उणे तीसमध्ये हीटर बंद पडला तर थट्टा नसते. इकडचा एक धडा तिकडंही लागू पडेल, थंडीत रबर आकसतं आणि साधी स्क्रूवाली क्लिप सकाळी गळते, गाडी गरम झाली की बंद होते. म्हणून आम्ही स्प्रिंगच्या वायसरवाल्या क्लिपा लावतो, त्या आपोआप आवळत राहतात. नाही मिळाल्या तर साधी लावा पण एकदा गरम होऊन गार झाली की परत आवळा. मात्र रबर क्लिपच्या खाचांतून वर येईपर्यंत पिळू नका.
आणि नुसतं पाणी ओतून उत्तरेला जाऊ नका. अर्धं कूलंट अर्धं पाणी असलं की उणे ३५ च्या आसपास पण गोठत नाही, आणि त्यात गंज धरू न देणारं औषध असतं ते वेगळंच. ड्रायव्हरने महिनाभर पाणी ओतलंय म्हणजे आता त्यात कूलंट नावापुरतं उरलं असेल.

निफाडचा_ट्रकवाला
सगळ्यांचे आभार. अंगठ्याने दाबून बघितला, टोकाला कुरकुर वाजतंय. दोन्ही बदलतो, हीटर ठेवतो. आता एवढंच सांगा, भरताना हवा कशी काढायची? मागं एकदा रेडिएटरचं काम झालं होतं तेव्हा दोन दिवस हीटर गार हवा मारत होता आणि काटा वरखाली.

गल्लीतला_फिटर
ती हवाच अडकली होती. हीटरची मूठ पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहील, नाहीतर तुम्ही हीटर सोडून बाकी सगळं भराल. गाडी सपाटीवर किंवा पुढचं तोंड थोडं वर. सावकाश ओता, घाई केली की फुगे अडकतात. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून अखंड धार येईपर्यंत उघडा. मग झाकण उघडं ठेवून आयडलला चालू करा, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, ऐंशी अंशाच्या आसपास उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाईल, परत भरा आणि झाकण लावा. दोन्ही होज हाताला सारखे गरम लागले की हीटरमधून पाणी फिरतंय, एक गरम एक गार असेल तर हवा आहे नाहीतर हीटर चोंदलाय. दुसऱ्या दिवशी गार गाडीत परत पातळी बघा.
आणि मुख्य राहिलं, ब्रॅकेट. नवा पाइप त्याच वाटेने नेला तर तो पण जाणार. ब्रॅकेटची धार कानशीने मारा, पाइपाला रबरवाली पी क्लिप (पाइप धरून बोल्टला बांधायची पट्टी) लावून दोन बोटं लांब बांधा, केबिन उचलून खाली बसवताना कुणाला तरी बाजूने टॉर्च मारून बघायला सांगा की पाइप कुठं चिमटतोय का. केबिन हलती असते, थोडी ढील ठेवा. टर्बो फार तापतो, त्याच्या जवळून नेऊ नका.
काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

निफाडचा_ट्रकवाला
बरोब्बर, तो ब्रॅकेट मागच्या वेळी गियर केबल बदलली तेव्हा उलटा लागलाय असं वाटतंय, धार वर आहे. उद्या सकाळी केबिन उचलतोय. १९ चाच पाइप निघाला, तीन मीटर घेतलाय, उरलेला टूलबॉक्सात.