पडद्यावरचं जंगल आणि आपला माळ : अनुभव धागा

नमस्कार सोलापूरकर. गेल्या रविवारी घरी पाहुणे होते आणि टीव्हीवर गॅलापागोस बेटावरचं ते दृश्य लागलं. वाळूतून नुकतंच बाहेर आलेलं इग्वानाचं पिल्लू जीव तोडून पळतंय आणि खडकांच्या फटीफटीतून साप निघतायत. २०१६ सालच्या मालिकेतलं आहे, बहुतेकांनी पाहिलं असेल. आत्याने चहाचा कप तोंडाजवळ तसाच धरला होता. पिल्लू कड्यावर चढून सुटलं तेव्हा ती "सुटलं बाई!" असं ओरडली, आणि मग ज्याच्या त्याच्या आठवणी निघाल्या त्या रात्री साडेअकरापर्यंत. त्यावरून हा धागा. वन्यप्राण्यांवरचे, पृथ्वीच्या जुन्या इतिहासावरचे टीव्हीवरचे कार्यक्रम पाहून तुमच्या घरात काय घडलं ते लिहा. कार्यक्रमाची गोष्ट नको, तुमची हवी.

सुरुवात मी करतो. डिस्कव्हरी आपल्याकडे १९९५ मध्ये आलं, आमच्या चाळीत केबल आली ती त्यानंतर. आमच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग. सकाळपासून रात्रीपर्यंत खटाखट, भिंतीला हात लावला तर हाताला कळायचं. त्यामुळे आम्ही भावंडांनी बिबट्या पाहिला तो मुकाच. काय चाललंय ते सांगणारा आवाज नाही, संगीत नाही. कान कुठे वळले, शेपटीचं टोक कधी थांबलं, यावरूनच आम्ही ओळखायचो की आता झेप घेणार. माग बंद असले की आवाज ऐकू यायचा आणि पंजाखाली गवत चुरचुरायचं. पुढे कळलं की यातले बरेच आवाज नंतर स्टुडिओत करतात. कॅमेरा लांब असतो, तिथल्या पावलांचा आवाज माईकपर्यंत पोचत नाही. मला वाईट वाटलं नाही. मी आधी नुसतं बघायला शिकलो होतो, आणि ते बघणं खरं होतं.

आता तुम्ही लिहा.

*

निवृत्त शिक्षिका, साखर पेठ

सातवीच्या वर्गाला मी शाळेच्या टीव्हीवर पक्ष्यांच्या स्थलांतराचा एक भाग दाखवत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडतात, तो. पट्टकादंब म्हणतात त्यांना. तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर त्यांची वीण होते आणि हिवाळ्यात ते आपल्याकडे उतरतात. सात हजार मीटरच्या वर त्यांची नोंद झालेली आहे. तिथल्या विरळ हवेतला प्राणवायू त्यांचं रक्त जास्त घट्ट पकडतं, असं मी समजावत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभरात ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, उठून म्हणाला, "बाई, हे आमच्या तळ्यावर येतात. हरभरा खातात."

तो हिप्परग्याचा होता. मी वीस वर्षं त्या तळ्यावरून एसटीने गेले होते. पुढच्या शनिवारी त्याच्या वडिलांनी आम्हाला पहाटे काठावर नेलं. धुक्यात आधी आवाज आला, नाकातून बोलल्यासारखा, आणि मग ते पाण्यावर दिसले, साठ-सत्तर तरी. वडिलांची तक्रार होती की हे पीक खातात. मुलगा त्यांना म्हणाला, "अप्पा, ते हिमालयावरनं आल्यात." अप्पा काही बोलले नाहीत, पण नंतर दरवर्षी त्यांचा फोन यायचा, "बाई, पाव्हणे आले."

*

सर्पमित्र, जुळे सोलापूर

थोडक्यात लिहितो. टीव्हीवर साप-मगरी धरणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह आयर्विनला पाहून मी साप धरायला लागलो. त्याच्यासारखाच शेपटीला धरून लोकांना दाखवायचो, टाळ्या मिळायच्या. ४ सप्टेंबर २००६ ला तो समुद्रात चित्रीकरण करताना पाकट माशाच्या काट्याने गेला. त्या रात्री मला घोणस पकडायला बोलावलं होतं. हात थरथरत होते. त्या दिवसापासून गर्दीसमोर साप हातात धरला नाही. आधी गर्दी मागे हटवायची, मग स्टिकने पिशवीत आणि थेट वनखात्याला कळवून सोडायचा. नव्या पोरांनाही हेच सांगतो. प्राण्यांवरचं त्याचं प्रेम मी घेतलं, शेपटी धरणं सोडलं.

*

अशोक चौकाजवळून

आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं, कात्री, आणि समोर टीव्ही. तिला मालिका आवडायच्या नाहीत. तेलुगूतून प्राण्यांचे कार्यक्रम लागतात हे कळल्यापासून ती तेवढेच बघायची. हात चालूच. हजार विड्या होईपर्यंत दोन-तीन कार्यक्रम व्हायचे.

एकदा सुगरण पक्ष्याचं घरटं दाखवत होते. मराठीत आपण सुगरण म्हणतो, पण विणतो तो नर. गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो आणि पात धरून उडतो, तशी लांब पट्टी सोलून निघते. पहिली गाठ फांदीला, मग कडी, मग घुमट. घरटं अर्धं झालं की मादी येऊन आत बसून बघते. पसंत पडलं तर पुढे विणतो, नाही तर दुसरं सुरू. अव्वाचे हात थांबले. तिने मला फोनवर तेच लावायला सांगितलं आणि "थांबव, थांबव" करत चित्र थांबवून घेतलं. लग्न झाल्यापासून तिने हातमागाच्या कांड्या भरलेल्या. स्क्रीनवर बोट ठेवून ती मला दाखवायला लागली : "चूडु, हा आधी ताणा लावतोय. पायाने धरलाय, ढिला पडू देत नाही. आता बाणा. एक वर, एक खाली. आणि इथं चुकला होता बघ, उसवून परत घातलाय."

मी इंजिनिअरिंग शिकलेली. मला ते नुसतं गवत दिसत होतं.

पावसाळा संपल्यावर काकांच्या शेतातल्या विहिरीवरच्या बाभळीखाली एक पडलेलं घरटं सापडलं, ते तिला आणून दिलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं, आत बोट घातलं तर भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले. सुगरण पक्षी असे गोळे लावतो हे नंतर मीही वाचलं. अव्वाने न वाचता सांगितलं : "वाऱ्याने हलू नये म्हणून वजन दिलंय. आम्ही पण मागाला द्यायचो." ते घरटं ती गेल्यावरही आमच्या खिडकीत टांगलेलं आहे.

*

शेतकरी, दक्षिण सोलापूर

माझा अनुभव प्राण्याचा नाही, दगडाचा आहे, चालेल का ते बघा.

२०१३ च्या उन्हाळ्यात विहीर खोदत होतो. यारी लावलेली, सुरुंग चालू. वर चार फूट काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरे चकचकीत खडे. त्याखाली काळा पाषाण. आणि पस्तीस फुटांवर हातभर जाडीचा लालभडक थर, गेरूसारखा. त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या. आमचे वडील म्हणाले, ही धरणीची शीर आहे, इथं नारळ फोडा. फोडला.

तीन-चार महिन्यांनी रात्री टीव्हीवर ज्वालामुखींवरचा कार्यक्रम लागला आणि त्यात नकाशावर आपलं पठार दाखवलं. मी उठून बसलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं डोंगरातून नाही, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पसरला. एकदा नाही, थरावर थर. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड आहे. डायनोसॉर संपले तो काळही हाच. त्यांना मेक्सिकोत पडलेल्या अशनीने संपवलं की या लाव्हाचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

मला माझी विहीर दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याला विचारलं तेव्हा लाल थराचा उलगडा झाला. एक लाव्हा थंड झाला, मग हजारो वर्षं दुसरा आलाच नाही. तेवढ्या काळात वरच्या दगडाची माती झाली. मग नवा तापलेला लाव्हा त्या मातीवर आला आणि ती भाजून लाल झाली, विटेसारखी. म्हणजे माझ्या विहिरीत पस्तीस फुटांवर एक जुनी जमीन आहे. कुणीच न नांगरलेली. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. आणि आम्हाला पाणी लागलं ते बरोबर दोन थरांच्या सांध्यात.

वडील तेव्हा होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग शीरच की." आणि खरंच, वेगळं काय म्हणाले होते ते? आता पावणेरावळे आले की मी त्यांना आधी विहिरीवर नेतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लाल पट्टा उघडा पडतो, तेव्हा या कुणीही.

*

प्राध्यापक, होटगी रस्ता

सगळे छान लिहितायत, पण एक टोचणारी गोष्टही नोंदवतो. १९५८ सालच्या, ऑस्कर मिळालेल्या एका निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कळपाने कड्यावरून उड्या मारून जीव देताना दाखवले. ते प्राणी दुसरीकडून विकत आणलेले होते आणि कड्यावरून ढकललेले होते. लेमिंग आत्महत्या करतात हे मी वर्गात सांगितलेलं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसरं, या चौकटीत माणूस येत नाही. आपल्या माळावर लांडगा आहे तो धनगराच्या मेंढरांमागे आहे. मेंढरं आणि धनगर काढून टाकले तर तो लांडगा दिसायला सुंदर होईल, पण आपला राहणार नाही. कार्यक्रम जरूर बघा, मीही बघतो, पण चौकटीबाहेर काय ठेवलंय तेही विचारा.

*

परिचारिका, रात्रपाळी

एम्परर पेंग्विनचा बाप अंटार्क्टिकाच्या अंधारात दोन महिने पायांवर अंडं घेऊन उभा राहतो. त्याआधीचे दिवस धरले तर जवळपास चार महिने उपाशी. हे मी माझ्या वडिलांच्या डायलिसिसच्या वेळी वॉर्डातल्या टीव्हीवर त्यांच्यासोबत पाहिलं. ते म्हणाले, "तुझ्या जन्माच्या वेळी गिरणी बंद होती." एवढंच. पुढचं काही त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

*

नान्नजजवळच्या गावातून

आमच्या शिवारात माळढोक पक्षी होता. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. मी लहान असताना बाहेरून चित्रीकरणाला माणसं यायची, त्यांचं पाणी आणि भाकरी मी पोचवायचो. लपणात एक जण पहाटे अंधारात शिरायचा तो ऊन चढल्यावर बाहेर पडायचा. खोकायचं नाही. सहाव्या दिवशी मला आत बसू दिलं.

नर गवतात उभा होता. पंधरा किलोपर्यंत भरतो असा पक्षी, मेंढराच्या पिलाएवढा. त्याने शेपूट पाठीवर उलटी घेतली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार गुडघ्याला लागली आणि आवाज आला. मोठा नव्हता. रिकाम्या रांजणात तोंड घालून घुमल्यासारखा, पोटात वाजणारा. आमची जुनी माणसं त्याला हूम म्हणायची ती त्या आवाजावरूनच.

मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. माळ नांगरला, माळावर झाडं लावली, विजेच्या तारा आल्या. त्याचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि एवढं जड अंग चटकन वळत नाही. आता देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. आमच्याकडे काळवीट आहेत, लांडगे आहेत, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. हूम नाही.

मागच्या वर्षी टीव्हीवर राजस्थानातल्या माळढोकांवर कार्यक्रम लागला होता. आमचे आबा नव्वदीचे, मोतीबिंदूमुळे चित्र दिसत नाही, टीव्हीकडे पाठ करून बाजेवर पडलेले असतात. नराने पिशवी फुगवली आणि तो आवाज घरात घुमला. आबा उठून बसले. काठी चाचपली, भिंत धरत धरत दारापर्यंत गेले आणि माळाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"कुणीकडनं वाजला रं?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.