नॅचेझ ट्रेस पार्कवे एकटीने केलाय का कुणी?

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या या रस्त्याने नॅचेझ ते नॅशविल पूर्ण ४४४ मैल एकटीनेच गाडी चालवत जायचं मनात आहे, दोन दिवस पुरतील का? आणि एकटं असलं की कंटाळा येतो का हो?

उत्तर १: ताई, दोन दिवसांत उरकू नका, तीन तरी ठेवाच. बहुतेक ठिकाणी स्पीड लिमिट ताशी ५० मैल, ट्रकना बंदी, जाहिरातींचे बोर्ड नाहीत, त्यामुळे एकट्याने चालवायला इतका निवांत रस्ता मी दुसरा पाहिला नाही. पण पार्कवेवर गॅस स्टेशन नाही, टाकी अर्धी झाली की बाहेर पडून भरून घ्या. नेटवर्कही मध्येमध्ये जातं, नकाशा आधीच डाउनलोड करा.

उत्तर २: मैल ४१.५ जवळचा संकन ट्रेस (खोल गेलेली जुनी पायवाट) चुकवू नका!! चोक्टॉ, चिकसॉ हे इथले मूळ आदिवासी आणि नंतर माल विकून पायी घरी परतणारे बोटवाले, सगळ्यांच्या पावलांनी माती झिजून वाट इतकी खोल गेलीय की दोन्हीकडच्या भिंती डोक्याच्या वर जातात, झाडांची मुळं उघडी पडलीत. मी मातीला हात लावून बराच वेळ नुसती उभी होते, सोबत कुणी असतं तर जमलं नसतं.

ठरलं मग, तीन दिवस. थँक्यू दोघांनाही!